घोड्याच्या पायाशी

लंडनच्या रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसमध्ये दर वर्षी शरद ऋतूत एक भाडं भरलं जातं. लंडन सिटीचा अधिकारी राजाच्या वतीने बसलेल्या न्यायाधिकाऱ्यासमोर घोड्याचे सहा भलेमोठे नाल मांडतो आणि एकसष्ट खिळे मोठ्याने मोजून दाखवतो. आकडा बरोबर असल्याचं न्यायाधिकारी जाहीर करतो आणि वर्षाचा हिशेब मिटतो. हे भाडं आहे एका नालबंदाच्या भट्टीचं. १२३५ मध्ये वॉल्टर ल ब्रन नावाच्या नालबंदाला स्ट्रँड रस्त्याजवळ, टेम्पलर सरदारांच्या आवाराच्या अंगाला, भट्टी लावायला जागा मिळाली होती. ती भट्टी केव्हाच नाहीशी झाली. तिची नेमकी जागाही आज कुणाला दाखवता येत नाही. नाल आणि खिळे मात्र दर वर्षी मोजले जातात, आणि तेच पुढच्या वर्षासाठी जपून ठेवले जातात. एका नालाला दहा खिळे, म्हणजे साठ, आणि वर एक जास्तीचा. ज्याने हा करार लिहिला त्याला नालबंदाच्या हातून खिळा वाकतो, हरवतो, हे ठाऊक असणार.

त्या काळातलं लंडन घोड्यांवर चालत होतं. माल, निरोप, सरदार, व्यापारी, सगळं घोड्याच्या पाठीवर किंवा घोड्यामागच्या गाडीत. साहजिकच घोड्याचे पाय ज्यांच्या हाती होते त्यांच्यावर सिटीचं लक्ष असे. १३४८-४९ च्या महामारीने माणसं मेली, कारागीर कमी पडले, मजुरी वाढली. १३५० मध्ये सिटीने दर बांधून दिले, त्यात नालबंदही आले: सहा खिळ्यांच्या नालाला दीड पेनी, आठ खिळ्यांच्या नालाला दोन पेनी. लढाईच्या घोड्याचा दर वेगळा, तीन पेनी.

पण दरापेक्षा मोठी तक्रार सहा वर्षांनी पुढे आली. १३५६ मध्ये महापौर हेन्री पिकार्ड यांनी शहरातल्या नालबंदांना बोलावून घेतलं. ज्यांना या कामातलं काही कळत नाही असे लोक शहरात भट्ट्या लावून बसतात, झेपत नाहीत ती कामं अंगावर घेतात आणि त्यांच्या हातून लोकांचे घोडे दगावतात, असं गाऱ्हाणं होतं. नालबंदांनी आपल्यातून प्रमुख निवडावेत, त्यांनी धंद्यावर देखरेख ठेवावी, असं ठरलं. लंडनच्या नालबंदांचा संघ, म्हणजेच ‘वर्शिपफुल कंपनी ऑफ फॅरिअर्स’, आपला जन्म या वर्षापासून मोजतो.

त्या वेळच्या नियमांमधली एक अट फार विचार करण्यासारखी आहे. नालबंद तेव्हा घोड्याचा वैद्यही होता. मोठा उपचार हाती घेताना शंका आली तर त्याने प्रमुखांचा सल्ला घ्यावा, असं नियम सांगतो. निष्काळजीपणाने किंवा खोट्या मानापायी त्याने सल्ला घेतला नाही आणि घोडा गेला, तर भरपाई त्याने करायची. घोडा विकत घेताना कुणी मत विचारलं तर तेही द्यायचं. चौदाव्या शतकात घोड्याच्या वैद्याला अहंकाराची किंमत मोजायला लावणारा हा नियम होता. अर्थात घोडा म्हणजे मालकाची मोठी मालमत्ता होती, आणि नुकसान मोजलं जात होतं ते मालकाचं. घोड्याचं दुःख म्हणून काही असतं हे नालबंदांच्या कायद्यात यायला अजून सहा शतकं जायची होती.

अडाण्याच्या हातून घोडा दगावतो म्हणजे नेमकं काय होतं, हे खुराजवळ वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. खुराचं बाहेरचं कवच शिंगासारख्या द्रव्याचं, त्यात जाणीव नाही. आतला भाग मात्र जिवंत, रक्ताने भरलेला आणि अतिशय हळवा. दोन्हींच्या मधे, खूर उलटा धरला की तळव्यावर एक फिकट रेघ दिसते. नालबंदाचा सगळा खेळ त्या रेघेभोवती. खिळा रेघेच्या आसपास शिरला पाहिजे, कवचातून तिरपा बाहेरच्या बाजूला वर चढला पाहिजे आणि कवचाच्या खालच्या तिसऱ्या भागात कुठेतरी त्याचं टोक बाहेर आलं पाहिजे. टोक मुरगळून तोडायचं, उरलेला अंश वळवून ठोकून बसवायचा, वरून कानस फिरवायची. खिळा जरा आत गेला तर हळव्या भागात घुसतो किंवा त्याला दाबून धरतो. घोडा त्या क्षणी पाय झटकेलच असं नाही. कधी दोन दिवसांनी लंगडायला लागतो आणि तोवर आत पू धरलेला असतो. खूर महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी नाल उतरवून, खूर तासून पुन्हा बसवावा लागतो. थंड नाल ठोकता येतो, तापवूनही बसवता येतो. तापलेला नाल खुराला टेकला की पिवळट धूर उठतो आणि केस जळल्याचा वास भट्टीभर पसरतो. घोड्याला त्याची वेदना होत नाही; जळलेल्या खुणेवरून नाल कुठे टेकतो आणि कुठे नाही, हे नालबंदाला दिसतं. कसबी माणसाच्या हातात हे काम शांतपणे होतं. अर्धवट माणूस मात्र नालाच्या मापाने खूर कापतो.

घोड्यावर पोट असलेले कारागीर नालबंद एकटे नव्हते. जीनगरांची सॅडलर्स कंपनी तर लंडनमधल्या सर्वांत जुन्या संघांपैकी, बाराव्या शतकातल्या कागदांत सापडणारी. लगामाची कडियाळी, रिकिबी, टाचेचे काटे हा सगळा धातूचा सरंजाम करणारे ‘लोरिनर’ वेगळे. त्यांचे नियम १२६१ चे. खोगिराचा लाकडी सांगाडा सुतार करत, त्यावरचं रंगकाम रंगारी. हे सगळे सुटे भाग जीनगराच्या दुकानात एकत्र येत आणि गिऱ्हाइकाच्या हातात तयार खोगीर जीनगर देई. पैसा त्याच्या हातात, त्यामुळे वरचष्माही त्याचाच. उधारी थकवायची, दुसऱ्याला माल विकू द्यायचा नाही, असा आरोप बाकीच्यांनी केला. मे १३२७ मध्ये याचा भडका उडाला आणि चीपसाइड व क्रिपलगेट भागात जीनगर एका बाजूला आणि लोरिनर, सुतार, रंगारी दुसऱ्या बाजूला अशी हत्यारबंद मारामारी झाली. माणसं मेली. शेवटी महापौरांना गिल्डहॉलमध्ये तडजोड घडवून आणावी लागली. कारागीर संघांचा इतिहास मेजवान्या आणि मिरवणुकांनी भरलेला दाखवला जातो. पण त्याच्या तळाशी रोजच्या भाकरीचं भांडण होतं, हे त्या मारामारीत उघडं पडतं.

नालबंदांची कंपनी या सगळ्यांत गरीबच. तिचं स्वतःचं सभागृह नाही. सिटीतल्या शंभराहून अधिक संघांच्या मानाच्या क्रमात ती पंचावन्नावी, तर सॅडलर्स पंचविसावे. राजाची सनदही तिला उशिरा मिळाली: १६७४ च्या जानेवारीत, दुसऱ्या चार्ल्सकडून. सनदेतलं गाऱ्हाणं तेच, तीनशे वर्षांपूर्वीचं. लंडन आणि वेस्टमिन्स्टरमध्ये अकुशल माणसं या कलेत शिरली आहेत आणि त्यांच्या अज्ञानामुळे पुष्कळ घोडे नष्ट झाले आहेत. म्हणून शहराभोवतीच्या सात मैलांच्या टापूत कंपनीला देखरेखीचा अधिकार मिळाला. मक्तेदारी टिकवण्याचा स्वार्थ त्यात होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. तरीही तीनशे वर्षं एखादा धंदा एकाच गोष्टीची तक्रार करत असेल, तर ती गोष्ट खरी असण्याची शक्यता मोठी असते.

त्याच १६७४ च्या जून महिन्यात रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. सभासद बखरीत पागेची व्यवस्था दिली आहे, तीत पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असा हिशेब येतो. पखालजी पाणी देणार, नालबंद पाय सांभाळणार. म्हणजे तहान आणि खूर या दोन गोष्टींवर घोडदळ उभं असतं हे स्वराज्याच्या कारभाऱ्यांनी पक्कं ओळखलं होतं. लंडनमध्ये नालबंदावर लक्ष ठेवत होती त्याच्याच धंद्यातली माणसं, तर इथे त्याला नेमणारी आणि पोसणारी होती सरकारी पागा. हा फरक मोठा आहे. पागा मोडली की तिच्याबरोबर नालबंदाची जागाही जाते. संघ मात्र राजे बदलले तरी टिकू शकतो, त्याची वही आणि त्याचे नियम पुढच्या पिढीच्या हाती जातात.

अठराव्या शतकात लंडनच्या नालबंदांना नवा धक्का बसला, आणि तो विद्येचा होता. १७५१ मध्ये जेरेमाया ब्रिजेस या नालबंदाने घोड्याच्या पायावर ‘नो फूट, नो हॉर्स’ हे पुस्तक काढलं. धंद्यातली माणसंही शरीरशास्त्राकडे वळत होती. पण बाहेरचं जग त्याहून वेगाने निघालं होतं. १७८५ मध्ये हँपशायरमधल्या ओडिअम गावच्या शेतकी मंडळाने घोड्यांचं वैद्यक शास्त्राच्या पायावर उभं करायचा ठराव केला. फ्रान्समधून आलेल्या शार्ल व्हियाल द सँबेल यांनी ‘एक्लिप्स’ या नामांकित शर्यतीच्या घोड्याचं १७८९ मध्ये शवविच्छेदन करून नाव कमावलं होतं. १७९१ मध्ये लंडनमध्ये पशुवैद्यक महाविद्यालय निघालं तेव्हा ते त्याचे पहिले प्राध्यापक झाले. १८४४ मध्ये पशुवैद्यांना स्वतःची सनद मिळाली. औषध, शस्त्रक्रिया, निदान हे सगळं नालबंदाच्या हातून हळूहळू गेलं. उरला फक्त खूर.

आणि खुरांची संख्या तर वाढतच होती. रेल्वे आली म्हणून घोडा संपला नाही. स्टेशनवर उतरलेला माल आणि माणसं घरोघर पोचवायला आणखी घोडे लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकट्या लंडनमध्ये सुमारे तीन लाख घोडे असावेत असा अंदाज केला जाई. एका ऑम्निबसला दिवसभरात पाळीपाळीने दहाबारा घोडे लागत. दगडी फरसबंदीवर पावसात घसरणारे, चढावर कोसळणारे घोडे रोज लोकांच्या नजरेस पडत. जनावरांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा पहिला कायदा १८२२ चा, पुढे आरएसपीसीए झालेली संस्था १८२४ ची. ॲना स्यूएल यांची ‘ब्लॅक ब्यूटी’ १८७७ मध्ये आली आणि घोड्याची मान जबरदस्तीने वर धरून ठेवणाऱ्या लगामाविरुद्ध जनमत तापलं. जीनगर आणि लोरिनर यांच्या हातातली वस्तू पहिल्यांदाच घोड्याच्या बाजूने तपासली जाऊ लागली.

याच हवेत नालबंदांच्या कंपनीला आपलं काम नव्याने सापडलं. सात मैलांतले जुने अधिकार कागदावर राहिले होते, धंदा देशभर पसरला होता. १८९० च्या सुमारास कंपनीने देशभरातल्या नालबंदांची परीक्षा घेऊन नोंदणी करण्याची योजना सुरू केली. सक्ती नव्हती. पण परीक्षा उतरलेल्या माणसाला नावापुढे अक्षरं लावता येत आणि गिऱ्हाइकाला निवड करायला काही आधार मिळे. आधी अडाण्याला हुसकावून लावणं हा हेतू असे, आता जाणत्याला ओळख देण्यावर भर आला. या संघाच्या सगळ्या इतिहासात हे वळण सर्वांत मोलाचं मानावं लागेल.

सैन्यातल्या नालबंदाचं काम याहून कठीण होतं. ब्रिटिश राजघराण्याच्या घोडदळात संचलनाच्या वेळी नालबंद अजूनही चकाकती कुऱ्हाड घेऊन चालतो. प्रवासी तिचे फोटो काढतात. ती कुऱ्हाड रणांगणावर जायबंदी झालेल्या घोड्याला यातनांतून सोडवण्यासाठी होती. तिच्याच पात्याने क्रमांक डागलेला खूर तोडून आणायचा, म्हणजे घोडा खरोखरच मेला, कुणी विकून खाल्ला नाही, याचा पुरावा मिळे. ज्या हातांनी घोड्याला नाल ठोकायचे त्याच हातांवर हेही सोपवलेलं होतं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याकडे एका वेळी आठ लाखांहून अधिक घोडे आणि खेचरं होती, यावरून नालबंदांच्या कामाचा पसारा ध्यानात यावा.

त्यानंतर मोटारी आल्या, मग शेतात ट्रॅक्टर आला, आणि गावोगावच्या भट्ट्या विझल्या. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस वर्षांत हा धंदा संपलाच असं पुष्कळांना वाटलं. पण हौसेने घोडा पाळणारे, रविवारी रपेट करणारे वाढत गेले. घोडे परत आले, त्यांच्या पायाकडे पाहणारी माणसं मात्र उरली नव्हती. नव्या मालकांना घोड्याचं ज्ञान बेताचं, आणि कानस-हातोडी घेऊन येणाऱ्या कुणावरही त्यांना विश्वास ठेवावा लागे. जुनं गाऱ्हाणं पुन्हा उठलं, आणि या वेळी ते संसदेत पोचलं.

१९७५ चा नालबंद नोंदणी कायदा त्यातून झाला. त्याच्या उद्देशात सगळ्यात आधी येतं ते अकुशल माणसांच्या नाल ठोकण्याने घोड्यांना होणारं दुःख आणि क्रौर्य टाळणं. धंद्याचं शिक्षण आणि नोंदणी त्यानंतर. १३५६ मध्ये मालकाचं नुकसान होतं, १६७४ मध्ये नष्ट झालेले घोडे होते, इथे पहिल्यांदा घोड्याचं दुखणं नालबंदांच्या कायद्याचं कारण झालं. ग्रेट ब्रिटनमध्ये नोंदणी नसलेल्या माणसाने घोड्याला नाल ठोकणं हा आता गुन्हा आहे. पशुवैद्य, शिकाऊ उमेदवार आणि तातडीचा प्रथमोपचार हे मुख्य अपवाद. स्वतःच्या घोड्यालाही मालकाला नाल ठोकता येत नाही, आणि घोडा म्हणताना कायदा तट्टू, खेचर, गाढव यांनाही धरतो. धंद्याचा दर्जा सांभाळण्याची आणि त्याचं शिक्षण पुढे नेण्याची जबाबदारी कायद्याने नाव घेऊन या जुन्या कंपनीवर टाकली. शिकाऊ उमेदवाराला साधारण चार वर्षं मान्यताप्राप्त नालबंदाच्या हाताखाली काढावी लागतात आणि मग कंपनीच्या पदविकेला बसावं लागतं. त्यापुढेही दोन पायऱ्या आहेत. लंगड्या घोड्यासाठी पशुवैद्याबरोबर बसून खास नाल घडवण्याचं काम तिथे शिकलं जातं.

कायद्यात एक भोक मात्र राहिलं. तो नालापुरताच आहे. नाल न ठोकता नुसता खूर तासून देणाऱ्याला नोंदणी लागत नाही, आणि घोडे अनवाणी ठेवण्याकडे हल्ली बऱ्याच मालकांचा ओढा आहे. चुकीचा तासलेला खूरही घोड्याला लंगडा करतो. हा वाद तिथे अजून चालू आहे.

जीनगरही हातावर हात ठेवून बसलेले नाहीत. सॅडलर्स कंपनीचं सभागृह १६६६ च्या आगीत, पुन्हा १८२१ मध्ये आणि तिसऱ्यांदा १९४० च्या बाँबवर्षावात जळालं. तिन्ही वेळा ते उभं राहिलं. कारखानदारी मात्र लंडनहून तेव्हाच्या स्टॅफर्डशायरमधल्या वॉल्सॉलला गेली. जवळ लोखंड आणि कोळसा होता, म्हणून तिथे आधी कडियाळी आणि रिकिबी करणारे जमले आणि मग चामड्याचं काम आलं. वॉल्सॉलच्या फुटबॉल संघाला लोक आजही ‘सॅडलर्स’ म्हणतात. न बसणारं खोगीर घोड्याच्या पाठीचे स्नायू खाऊन टाकतं, म्हणून घोड्याच्या पाठीचं माप घेऊन खोगीर बसवण्याचं रीतसर शिक्षण आता ब्रिटनमध्ये दिलं जातं. मोजपट्टी स्वाराकडून घोड्याकडे वळली, ही साधी गोष्ट नाही.

महाराष्ट्रात पशुवैद्यकाची विद्या लंडननंतर बऱ्याच काळाने आली. मुंबईत जे. एच. स्टील यांच्या प्राचार्यपदाखाली १८८६ मध्ये पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं, परळचं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय त्याच्याही आधीचं. डॉक्टर तयार झाले. नालबंद मात्र होता तिथेच राहिला. माथेरानच्या लाल मातीवर, लग्नाच्या वरातींत, टांग्यांच्या अड्ड्यांवर, वीटभट्ट्यांवर राबणाऱ्या घोड्या-खेचरांना नाल ठोकणारा माणूस बापाकडून किंवा मामाकडून शिकतो. त्याची परीक्षा कुणी घेत नाही, त्याची नोंद कुणी ठेवत नाही. चांगला असला तरी त्याचं चांगलंपण कागदावर कुठे दिसत नाही, हा त्याच्यावरही अन्याय आहे. डोरोथी ब्रुक यांनी १९३४ मध्ये कैरोत, पहिल्या महायुद्धानंतर विकल्या गेलेल्या म्हाताऱ्या घोड्यांसाठी, रुग्णालय काढलं. त्यातून वाढलेली ‘ब्रुक’ ही संस्था आज भारतात स्थानिक नालबंदांना शिकवते. एका संस्थेच्या आवाक्यात जेवढं आहे तेवढं ती करते आहे.

नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने नालबंदांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग काढला, शिकवायला पशुवैद्यांबरोबर अनुभवी नालबंदच घेतले आणि उत्तीर्णांची यादी प्रसिद्ध केली, तर संसदेत जाण्याचीही गरज पडणार नाही. मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या यात्रेत देशभरातले घोडे, व्यापारी आणि नालबंद आपणहून जमतात. पहिली परीक्षा तिथेच, तापीकाठी, भट्टी पेटवून घेता येईल.